राज्याची सीमा आणि शुल्काची पावती

इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात १९५२ च्या जुलै महिन्यात दिल्लीचा एक विद्यार्थी दाखल झाला. शिक्षणशुल्क सर्वांना सारखेच होते. परंतु त्याच्याकडून आणखी एक रक्कम घेतली जात असे. वर्षाला १५०० रुपये, ‘कॅपिटेशन फी’ या नावाने. मध्य भारत राज्याचा रहिवासी असलेल्या, त्याच्याच वर्गात बसणाऱ्या मुलाला ती द्यावी लागत नव्हती. त्या काळी दीड हजार रुपये ही मध्यम स्थितीतील घराच्या कित्येक महिन्यांच्या मिळकतीएवढी रक्कम होती. विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेला. जन्मस्थानावरून नागरिकांत भेद करू नये असे राज्यघटना सांगते, मग हा भेद कसा, असा त्याचा प्रश्न होता.

‘डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल १९५५ च्या जानेवारीत लागला आणि तो विद्यार्थ्याच्या विरुद्ध गेला. जन्मस्थान वेगळे आणि रहिवास वेगळा, असे बहुमताने ठरले. महाविद्यालय चालवण्यासाठी राज्य आपल्या तिजोरीतून खर्च करते. तेव्हा आपल्या रहिवाशांना शुल्कात सवलत देण्यात गैर काही नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेत मध्य भारत हे राज्य नकाशावरून गेले. घरचा विद्यार्थी आणि बाहेरचा विद्यार्थी हा भेद मात्र राहिला.

आज महाराष्ट्रातील एखाद्या घरातून मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी दुसऱ्या राज्यात निघते तेव्हा हाच भेद निरनिराळ्या रूपांनी समोर येतो. कधी तो शुल्काच्या आकड्यात दिसतो, बहुतेक वेळा जागांच्या वाटपात. बाहेरच्या विद्यार्थ्याला स्वस्त जागेसाठी उभेच राहता येत नाही आणि उरते ती महाग जागा. पालकांच्या बोलण्यात ‘परराज्यात शिक्षण महाग असते’ असे सरसकट वाक्य ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. काही संस्थांना राज्याची सीमा ठाऊकच नसते. काहींच्या दारात ती भिंतीसारखी उभी असते. आणि आपले मूल त्या भिंतीच्या कोणत्या बाजूला आहे, हे पुष्कळदा बारावीनंतर ठरत नाही. दहावीच्या निकालानंतरच्या चार-सहा आठवड्यांत, अकरावीला कोठे घालायचे या निर्णयात, ते ठरून गेलेले असते.

वैद्यकीय शिक्षणात हे सर्वांत स्पष्ट दिसते. १९८४ साली ‘डॉ. प्रदीप जैन विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रहिवासावर आधारलेल्या सरसकट राखीव जागांना आळा घातला आणि काही जागा संपूर्ण देशातील विद्यार्थ्यांसाठी गुणवत्तेवर खुल्या ठेवण्यास सांगितले. पदवी अभ्यासक्रमासाठी त्या वेळी ३० टक्के असा आकडा होता. १९८६ मध्ये तो १५ टक्क्यांवर आला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील आजचा अखिल भारतीय कोटा तो हाच. उरलेल्या ८५ टक्के जागा ज्या त्या राज्याच्या. म्हणजे कोल्हापूरच्या मुलीला बंगळूरच्या शासकीय महाविद्यालयात जायचे असेल तर तिला पंधरा टक्क्यांच्या दारातूनच जावे लागेल आणि तेथे देशभरातील विद्यार्थी तिच्या पुढेमागे उभे असतील.

हा नियम ठाऊक असूनही पालकांकडून जी चूक होते ती दुसरीच आहे. मुलगा हुशार आहे, नीटची तयारी चांगली व्हावी, म्हणून दहावीनंतर त्याला हैदराबादला किंवा कोटा येथे पाठवले जाते. तेथेच अकरावी, तेथेच बारावी. दोन वर्षांनी गुण उत्तम येतात आणि मग लक्षात येते, की महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांतील वैद्यकीय जागेसाठी बारावी महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण असणे ही अट आहे. जन्म नांदेडचा, आईवडील नांदेडचे, शिधापत्रिका नांदेडची. परंतु बारावी तेलंगणची. बरे, तेलंगणने तरी त्याला आपला म्हणावे, तर तेथील नियम बारावीपर्यंतची सलग चार वर्षे त्या राज्यात शिकल्याची अट घालतो. दोन वर्षे शिकलेला मुलगा तेथेही बाहेरचाच. दोन राज्यांच्या मधल्या फटीत तो सापडतो. त्याच्या वाट्याला अखिल भारतीय कोटा राहतो, नाही तर अभिमत विद्यापीठे. आणि तेथील वैद्यकीय शुल्क साध्या व्यापाऱ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या आवाक्यातले नसते.

यावर काही जण नाव एका ठिकाणी आणि अभ्यास दुसऱ्या ठिकाणी अशी वाट काढतात. कागदावर मूल लातूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात हजर असते आणि प्रत्यक्षात शेकडो कोस दूर शिकवणीच्या वर्गात. हजेरीची ही खोटी नोंद उघडकीस आली तर परीक्षेला बसण्यावरच गदा येते. ज्या समाजात सत्य हे अणुव्रत मानले जाते, त्या समाजातील घराने मुलाच्या शिक्षणाचा पाया अशा नोंदीवर घालावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. लातूर आणि नांदेड येथेच तयारीची मोठी परंपरा उभी असताना ही धडपड बहुधा अनावश्यकही असते.

अभियांत्रिकीचे गणित निराळे आहे आणि थोडे दयाळूही. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत दहावी-बारावी राज्यातून झालेले विद्यार्थी एका प्रकारात येतात. पण ज्यांचे शिक्षण बाहेर झाले आणि ज्यांच्या स्वतःच्या, वडिलांच्या किंवा आईच्या नावे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र आहे, त्यांचाही निराळा प्रकार केलेला आहे. म्हणून हैदराबादहून परतलेला तोच मुलगा वैद्यकीय जागेसाठी परका आणि अभियांत्रिकीसाठी घरचा, असे घडू शकते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांचा, म्हणजे एनआयटींचा, नियम पुन्हा वेगळा. तेथे निम्म्या जागा त्या राज्याच्या आणि निम्म्या इतर राज्यांच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. आणि विद्यार्थी कोणत्या राज्याचा, हे अधिवासावरून ठरत नाही, तर त्याने बारावीची परीक्षा प्रथम कोणत्या राज्यातून दिली त्यावरून ठरते. कोटा येथील शाळेतून बारावी झालेला जळगावचा मुलगा नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेसाठी परराज्यातला ठरतो आणि जयपूरच्या मालवीय संस्थेसाठी स्थानिक. कधी कधी याचा लाभही होतो. पण लाभ असो वा तोटा, तो अगोदर ठाऊक असावा.

सीमाभागातील कुटुंबांना हा प्रश्न नवा नाही. निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यातील कित्येक जैन घरांची शेती एका राज्यात, सोयरीक दुसऱ्या राज्यात आणि बाजारपेठ तिसऱ्याच तालुक्यात, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या आहे. महाराष्ट्राने ज्या ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, तेथील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशप्रक्रियेत स्वतंत्र प्रकार ठेवलेला आहे. वादग्रस्त सीमाभागातील संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेली असावी, अथवा त्या भागात पंधरा वर्षांचा रहिवास असावा, आणि मातृभाषा मराठी असावी, अशा त्याच्या अटी आहेत. याची दुसरी बाजू मात्र फार थोड्यांना माहीत असते. कर्नाटकही आपल्या सीमेपलीकडच्या कन्नड भाषकांना असाच हात देते. ‘गडिनाडु कन्नडिग’ या नावाच्या तरतुदीत महाराष्ट्रातील जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज हे तालुके येतात. ज्यांची घरची भाषा कन्नड आहे आणि ज्यांचे शिक्षण त्या तालुक्यांत झाले आहे, अशा विद्यार्थ्यांना कर्नाटकाच्या प्रवेशपरीक्षेतून राज्याच्या जागांसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी कन्नड भाषेची चाचणी द्यावी लागते. जत आणि गडहिंग्लज तालुक्यांत घरात कन्नड आणि व्यवहारात मराठी बोलणारी जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. आजी नातवाशी ज्या भाषेत बोलते, तिचा असाही उपयोग होऊ शकतो.

एरवी कर्नाटकात स्थानिक ठरण्यासाठी साधारणपणे सात वर्षांचे शिक्षण त्या राज्यात झालेले असावे लागते. ते नसलेल्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला बंगळूर-म्हैसूरच्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘कॉमेडके’ या परीक्षेतून जाता येते. ही परीक्षा देशभरातील विद्यार्थ्यांना खुली आहे. मात्र त्याच वर्गात, त्याच बाकावर राज्याच्या परीक्षेतून आलेला विद्यार्थी जे शुल्क भरतो त्यापेक्षा या वाटेने आलेल्याचे शुल्क बरेच अधिक असते. इंदूरच्या त्या जादा पावतीचा हा आजचा अवतार म्हणावा लागेल. त्याखेरीज व्यवस्थापनाच्या जागा असतात. त्यांची किंमत चौकशी केल्यावाचून कळत नाही आणि कळल्यावर पुष्कळदा विचारल्याचा पश्चात्ताप होतो.

आता ज्या दारांवर राज्याचे नाव नाही त्यांच्याकडे वळावे. आयआयटीमध्ये राज्याचा कोटा नाही. एम्स संस्थांमध्ये नाही. नागपूरची एम्स महाराष्ट्रात असली तरी तेथे महाराष्ट्राच्या विद्यार्थ्याला वेगळे स्थान नाही आणि दिल्ली किंवा जोधपूरच्या एम्समध्ये त्याला कमीपणाही नाही. एम्सचे पदवीचे शिक्षणशुल्क इतके अल्प आहे, की खासगी महाविद्यालयांचे आकडे ऐकून आलेल्या पालकांना ते छापताना चूक झाली असे वाटावे. दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांत २०२२ पासून पदवीचे प्रवेश सीयूईटी या सामायिक परीक्षेतून होतात. इतिहास, अर्थशास्त्र, गणित किंवा भाषा शिकू इच्छिणाऱ्या मुलांसाठी ही विद्यापीठे आजही देशातील सर्वांत परवडणाऱ्या चांगल्या संस्थांपैकी आहेत. महाराष्ट्रातील मराठी घरांचे लक्ष त्यांच्याकडे कमी जाते, कारण आपल्याकडे ‘प्रवेश’ या शब्दाचा अर्थ वैद्यकीय आणि अभियांत्रिकी एवढाच झाला आहे.

केंद्राचे नाव असले म्हणजे शुल्क कमी, असेही समजू नये. सार्वजनिक-खासगी भागीदारीतून उभ्या राहिलेल्या आयआयआयटी संस्थांचे शुल्क एनआयटीपेक्षा बरेच जास्त असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठे नावाने राष्ट्रीय असली तरी राज्यांच्या कायद्यांनी स्थापन झालेली आहेत. त्यांतील अनेकांत स्थानिकांसाठी राखीव जागा आहेत आणि शुल्कही हलके नाही.

शेतकरी कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक वाट कृषी शिक्षणाची आहे. सांगली-कोल्हापूर भागातील जैन समाज मोठ्या प्रमाणात शेती करणारा; ऊस, द्राक्ष, भाजीपाला यांचे ज्ञान घरातच आहे. राज्यांच्या कृषी विद्यापीठांतील काही जागा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेमार्फत देशभरातील विद्यार्थ्यांना दिल्या जातात. या वाटेने स्वतःच्या अधिवासाच्या राज्याबाहेरील कृषी विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला परिषदेची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती मिळते. येथे नियम उलटा फिरतो. राज्याबाहेर जाणे हीच शिष्यवृत्तीची अट आहे. मुलांनी दुसऱ्या प्रदेशाची माती आणि पिके पाहावीत, हा त्यामागचा हेतू.

शुल्काचा विचार करताना पालक संस्थेच्या माहितीपत्रकातील आकडे पाहतात आणि तेथेच थांबतात. वास्तविक दोन हिशेब मांडावे लागतात. बाहेर गेल्यावर काय द्यावे लागेल हा पहिला. आणि बाहेर गेल्यामुळे घरचे काय सुटेल हा दुसरा. दुसरा हिशेब बहुधा कोणी मांडत नाही. राज्य शासनाच्या शुल्क प्रतिपूर्तीच्या योजना राज्यातील महाविद्यालयांसाठी असतात. विद्यार्थी सीमा ओलांडून गेला की त्या त्याच्यामागे जात नाहीत. २०२४-२५ या वर्षापासून महाराष्ट्राने व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासकीय प्रवेशप्रक्रियेतून दाखल झालेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, इतर मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क संपूर्ण माफ केले आहे.

अशी एक मुलगी डोळ्यांसमोर आणावी. घरचे उत्पन्न साडेचार लाख. तिला सुरतकलच्या एनआयटीत जागा मिळण्याजोगे गुण आहेत आणि सांगली-कऱ्हाडकडच्या शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयातही. सुरतकलचे शिक्षणशुल्क सर्वसाधारणपणे वर्षाला सव्वा लाख. परंतु एनआयटी आणि आयआयटी यांत कौटुंबिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यास शिक्षणशुल्क पूर्ण माफ होते आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असल्यास दोन-तृतीयांश माफ होते. त्यासाठी कोणत्याही विशिष्ट प्रवर्गाची अट नाही. म्हणजे तिला वर्षाला साधारण ४१,७०० रुपये भरावे लागतील. घराजवळच्या महाविद्यालयात शिक्षणशुल्क शून्य. या दोहोंतील अंतर चार वर्षांत पावणेदोन लाखांच्या आतच राहते. त्यात वसतिगृह, भोजन आणि प्रवास मिळवावा. एवढ्या खर्चात सुरतकलची पदवी मिळत असेल तर अनेक कुटुंबे ती स्वीकारतील. परंतु तोच खर्च करून दुसऱ्या राज्यातील एखाद्या सामान्य खासगी महाविद्यालयात जाणे, केवळ शहर मोठे आहे म्हणून, हे मात्र हिशेबात बसत नाही. व्यापारी परंपरेच्या समाजाला हे सांगावे लागू नये. पण पोरांच्या प्रवेशाच्या वेळी भल्याभल्या व्यापाऱ्यांचे गणित चुकते.

उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर आणखी एक बारकावा आहे. केंद्रीय संस्थांसाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र हवे असेल तर उत्पन्न आठ लाखांच्या आत असून भागत नाही. पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असलेले कुटुंब त्यातून वगळले जाते. सहा एकर कोरडवाहू जमीन असलेला शेतकरी येथे बाद होतो. शुल्कमाफी मात्र उत्पन्नावर असल्यामुळे त्याच्या मुलाला ती मिळू शकते. एक दार बंद म्हणून दुसरे ठोठावायचे सोडू नये. राज्याचे आणि केंद्राचे प्रमाणपत्र वेगळ्या नमुन्यात असते, हेही तहसील कार्यालयात अर्ज करतानाच सांगावे. जैन समाजातील ज्या पोटजातींचा समावेश राज्याच्या इतर मागास प्रवर्गात आहे, त्यांनी आपले नाव केंद्रीय यादीतही आहे की नाही हे तपासून घ्यावे. राज्याच्या यादीतील आरक्षण दुसऱ्या राज्याच्या महाविद्यालयात चालत नाही.

राजस्थान किंवा गुजरातमधून येऊन दोन-तीन पिढ्या महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या कुटुंबांना अधिवासाचे प्रमाणपत्र हा वेगळाच विषय आहे. महाराष्ट्रात त्यासाठी साधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. दुकान आजोबांच्या नावे, घर काकांच्या नावे, वीजबिल कोणाच्याच नावे धड नाही, अशा एकत्र कुटुंबात तो पुरावा जमवताना दमछाक होते. मुलीची पहिलीपासूनची शाळेची नोंद हा अशा वेळी सर्वांत भक्कम आधार ठरतो. हे प्रमाणपत्र दहावीच्या वर्षीच काढून ठेवावे. प्रवेशाच्या महिन्यात सेतू केंद्रापुढे लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कारण विचारावे लागणार नाही.

समाजात एक समजूत घट्ट रुजलेली आहे: महाविद्यालय जैन अल्पसंख्याक दर्जाचे आहे, आपले मूल जैन आहे, तेव्हा जागा मिळणारच. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले हे खरे. परंतु अल्पसंख्याक संस्थांतील राखीव जागांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. महाराष्ट्रात या जागांसाठी विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा लागतो. बेळगावची जैन मुलगी पुण्याच्या जैन अल्पसंख्याक महाविद्यालयात केवळ जैन म्हणून त्या जागेवर बसू शकत नाही. पुण्याचा जैन मुलगा बंगळूरला गेला तर त्यालाही तेथील नियम वाचावे लागतील. धर्म एक असला तरी प्रवेशपुस्तिका एक नाही.

अल्पसंख्याक म्हणून मिळणाऱ्या केंद्रीय शिष्यवृत्त्यांबाबत भिस्त ठेवण्यापूर्वी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर त्या वर्षी अर्ज खुले आहेत की नाहीत ते पाहावे. मागील वर्षी कोणाला तरी मिळाली होती, या ऐकीव माहितीवर चार वर्षांचा हिशेब बांधू नये. कर्जाची बाजू त्या मानाने अधिक खात्रीची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तारण आणि जामीनदार यांवाचून शैक्षणिक कर्ज मिळू शकते. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि इतर कोणत्या शासकीय शिष्यवृत्तीचा किंवा व्याजसवलतीचा लाभ घेतलेला नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व्याजात तीन टक्के सवलत आहे. संस्था कोणत्या राज्यात आहे याला महत्त्व नाही. ती यादीत असली पाहिजे. म्हणून प्रवेशाचा पर्याय भरण्यापूर्वीच ती यादी उघडून पाहणे शहाणपणाचे.

दुसऱ्या राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जागा स्वीकारताना आणखी एक कागद नीट वाचावा लागतो, तो म्हणजे सेवेचा बंधपत्रक. काही राज्ये पदवीनंतर ठरावीक काळ तेथील ग्रामीण भागात सेवा मागतात किंवा त्याऐवजी मोठी रक्कम. शुल्क कमी दिसते तेथे ही अट शेवटच्या पानावर असते.

इतके सारे जुळून आल्यावरही जैन घरात एक प्रश्न उरतो आणि तो बहुधा आई विचारते: जेवणाचे काय? वसतिगृहाच्या भोजनगृहात बटाटा-कांद्यावाचून भाजी क्वचितच असते आणि संध्याकाळचे जेवण सूर्यास्तानंतर तास-दीड तासाने सुरू होते. कंदमुळे न खाणारी, चौविहार पाळणारी मुलगी पहिले काही आठवडे फळे आणि कोरड्या खाकऱ्यांवर काढते. मग एक तर नियम सुटतो किंवा प्रकृती बिघडते. काही केंद्रीय संस्थांच्या भोजनगृहांत जैन जेवणाची निराळी सोय झालेली आहे. जेथे ती नाही तेथे डबा लावावा लागतो. वसतिगृहाच्या भोजनाचे पैसे सक्तीने भरून वर डब्याचेही भरावे लागले, तर शुल्कात वाचवलेली रक्कम येथेच खर्च होते. दिल्ली विद्यापीठाचे शुल्क कमी, पण वसतिगृहांतील जागा विद्यार्थिसंख्येच्या मानाने थोड्या. खोलीचे भाडे आणि जेवण यांचा महिन्याचा खर्च वर्षाच्या शुल्काला सहज मागे टाकतो. स्वस्त महाविद्यालय शोधणाऱ्याने म्हणून आधी स्वस्त खोली शोधावी, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

हा प्रश्न समाजाच्या पूर्वजांना सव्वाशे वर्षांपूर्वीच पडला होता आणि त्यांचे उत्तर बोर्डिंग हे होते. दानवीर माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी मुंबईत वडिलांच्या नावे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभारले आणि ठिकठिकाणच्या वसतिगृहांना हात दिला. १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखी शिकलेली माणसे तिच्या कामात होती, आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथील वसतिगृहे हे त्या कामाचे एक मोठे अंग झाले. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरला शिकायला आले तेव्हा तेथील जैन बोर्डिंगातच राहिले होते; पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी वसतिगृहाची कल्पना सर्व जातींच्या मुलांपर्यंत नेली. आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत महावीर जैन विद्यालय सुरू झाले. अहमदाबाद, पुणे, वडोदरा येथे त्याच्या शाखा निघाल्या. नाव विद्यालय असले तरी ते महाविद्यालयीन मुलांचे निवासस्थान आहे, हे पुष्कळांना अजूनही ठाऊक नसते.

स्तवनिधीला सभा भरली तेव्हा निपाणी आणि कोल्हापूर यांच्यामध्ये आजच्यासारखी राज्याची सीमा नव्हती. आज त्या सभेची वसतिगृहे दोन राज्यांत विभागलेली आहेत आणि नेमके हेच सीमाभागातील विद्यार्थ्याच्या उपयोगाचे आहे. सांगलीचा मुलगा हुबळीला शिकायला गेला किंवा चिकोडीचा कोल्हापूरला आला, तर सूर्यास्तापूर्वीचे जेवण आणि ओळखीची माणसे त्याला दोन्हीकडे मिळू शकतात. मोठ्या शहरांतील समाजाच्या वसतिगृहांचे शुल्क बाहेरच्या खोलीभाड्याच्या मानाने कमीच असते. काही विश्वस्त संस्था गरजू विद्यार्थ्यांना परतफेडीच्या बोलीवर मदतही करतात. मात्र काही ठिकाणी प्रवेश विशिष्ट संप्रदायापुरता असतो आणि मुलींसाठीच्या जागा मुलांच्या मानाने कमी आहेत. ही दुसरी गोष्ट विश्वस्त मंडळांनी मनावर घेण्याजोगी आहे. घरापासून दूर जाऊन शिकू पाहणाऱ्या मुली आता थोड्या नाहीत, आणि शुल्क माफ झालेली मुलगी राहण्याची सोय नाही म्हणून मागे राहिली तर ती माफी कागदावरच राहते.

वसतिगृहांचे अर्ज बहुतेक ठिकाणी महाविद्यालयाच्या अंतिम यादीपूर्वीच निघतात आणि मुलाखतीही लवकर होतात. प्रवेशाच्या फेऱ्या संपल्यावर चौकशी करणाऱ्यांना जागा भरल्याचे उत्तर मिळते. ज्या दोन-तीन शहरांत प्रवेश मिळण्याची शक्यता आहे, त्या प्रत्येक ठिकाणच्या बोर्डिंगाचा अर्ज मे महिन्यातच भरून ठेवावा. अर्जासोबत महाविद्यालयाच्या शुल्काची पावती मागितली जाते. ती नंतर दिली तरी चालते का, एवढे दूरध्वनीवरून आधी विचारून घ्यावे.